शेवटच्या सिस्टरची प्रार्थना
(२७ ऑगस्ट, संत मोनिकाच्या सणानिमित्त)



आपल्या भागात 'कॉन्व्हेंट' म्हटले की डोळ्यांसमोर शाळा उभी राहते. कुणीही दोन खोल्या भाड्याने घेऊन लहान मुलांना एबीसीडी शिकवू लागले की लोक म्हणतात, "पोरगं कॉन्व्हेंटला जाते." मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. कॉन्व्हेंट म्हणजे मठ. देवाला वाहून घेतलेली माणसे एका छपराखाली राहतात, ठरलेल्या वेळी प्रार्थनेला जमतात, असेल ते वाटून खातात, ते घर म्हणजे कॉन्व्हेंट.

येत्या २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आहे आणि दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, तिचा मुलगा संत ऑगस्टीन याचा. त्या निमित्ताने आज आपण दोन मठांकडे पाहणार आहोत. एक इटलीतल्या डोंगरावरच्या लहानशा गावातला, दुसरा आपल्या शेजारच्या गोव्यातला, तोही टेकडीवरचा. दोन्ही मठ संत ऑगस्टीनच्या नियमाप्रमाणे राहणाऱ्या सिस्टरांचे. आपले पोप लिओ चौदावे हेही ८ मे २०२५ रोजी निवडून आले ते याच ऑगस्टिनियन संघातून.

आईची आसवे

मोनिका उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावची. हे गाव आजच्या अल्जेरियात येते. नवरा तापट, सासूशी सुरुवातीला पटत नसे, आणि हुशार मुलगा वाटेल तिकडे भरकटलेला. आपल्या घरांतल्या कितीतरी आयांची हीच कहाणी आहे. मोनिका मुलामागे समुद्र ओलांडून इटलीला गेली. वर्षानुवर्षे तिने आसवे गाळून प्रार्थना केली. एका बिशपांनी तिला धीर दिला होता, की इतक्या आसवांचा मुलगा हातचा जाणे शक्य नाही. शेवटी ३८७ च्या ईस्टरला मिलान शहरात संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी घरी परतण्याच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, मोनिकाने देह ठेवला. मरताना तिने मुलांना सांगितले, की माझा देह कुठे पुराल याची काळजी करू नका. प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच मागणे आहे.

हे मागणे लक्षात ठेवा. आजच्या प्रवचनाच्या शेवटी आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

कास्शियाचे बंद दार

इटलीच्या उंब्रिया प्रांतात डोंगरउतारावर कास्शिया नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या रोक्कापोरेना या वाडीत १३८१ मध्ये रिता जन्मली. तिचे लग्न झाले, दोन मुलगे झाले. त्या काळी त्या डोंगरात घराण्याघराण्यांत वैर असे. खुनाला खून हाच न्याय. अशाच वैरात रिताच्या नवऱ्याचा खून झाला. पुढे दोन्ही मुलगेही गेले. एकट्या पडलेल्या रिताने मठाचे दार ठोठावले. परंपरा सांगते की तिला आत घेतले नाही. ती विधवा होती आणि तिच्या घराचे वैर मठातही शिरेल अशी भीती होती. मग रिता माघारी फिरली आणि तिने आधी दोन्ही घराण्यांत समेट घडवून आणला. त्यानंतर दार उघडले. पुढची सुमारे ४० वर्षे ती त्या मठात राहिली आणि १४५७ मध्ये तिथेच वारली. पोप लिओ तेरावे यांनी १९०० साली तिला संत म्हणून घोषित केले. आज जगभरचे लोक अशक्य वाटणाऱ्या गोष्टींसाठी संत रिताची मध्यस्थी मागतात.

मठात आल्यावर तिच्या आज्ञापालनाची परीक्षा म्हणून तिला द्राक्षवेलीच्या एका वाळक्या काडीला रोज पाणी घालायला सांगितले, अशी कथा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, उन्हाळ्यात शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाटीला पाणी घालण्यासारखे हे काम. कोणता शेतकरी ते करील? रिताने केले. आणि काडीला पालवी फुटली, असे ती कथा सांगते.

गोव्याची पवित्र टेकडी

आता गोव्याकडे वळू. ओल्ड गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या दर्शनाला आपल्यापैकी काही जण जाऊन आले आहेत. बॉम जीझस बासिलिकापासून चढण चढून वर गेले की एक टेकडी लागते. तिला मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, म्हणतात. तिथे तांबड्या चिऱ्याचा एक उंच, मोडका मनोरा आभाळाकडे पाहत उभा आहे. उंची ४६ मीटर. १५७२ मध्ये गोव्यात आलेल्या ऑगस्टिनियन फादरांचे हे चर्च, १६०२ मध्ये पूर्ण झालेले. त्याच्या समोरच संत मोनिकाच्या नावाचा सिस्टरांचा मठ आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनियन होते. त्यांनी १६०६ मध्ये हा मठ स्थापन केला. इमारत १६२७ मध्ये पूर्ण झाली. मधोमध चौक, भोवती तीन मजली घर, जाड भिंती. आत गेलेली सिस्टर पुन्हा बाहेर येत नसे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या आशियात सिस्टरांचा असा बंदिस्त मठ हा पहिलाच.

या टेकडीवर श्रद्धेच्या मोठ्या खुणा आहेत. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने ख्रिस्ती श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझ शहरात तिला हाल करून मारले. ऑगस्टिनियन फादरांनी तिचे अवशेष १६२७ मध्ये या टेकडीवर आणून ठेवले. चर्च पडले तेव्हा ते ढिगाऱ्याखाली गेले. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेने तपासून २०१३ मध्ये दुजोरा दिला आणि २०२१ मध्ये भारत सरकारने ते जॉर्जियाला सुपूर्त केले. चारशे वर्षांपूर्वीच्या शहीद बाईचे हाड मातीखाली राहिले, पण देवाच्या दरबारी ते हरवलेले नव्हते.

संत मोनिकाच्या मठातही एक क्रूस आहे. परंपरा सांगते की १६३६ मध्ये या क्रूसावरच्या येशूने डोळे उघडले आणि त्याच्या काट्यांच्या मुकुटाखालून रक्त वाहिले. अशा घटनांवर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती ख्रिस्तसभा करीत नाही. पण त्याच वर्षी मठाला आग लागली, बराच भाग जळाला, आणि सिस्टरांनी तो पुन्हा उभा केला. ज्यांचे घर जळाले त्यांना काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू आपला वाटला, यात नवल नाही.

मठाचे दार कुणासाठी?

प्रिय भाविकांनो, पवित्र टेकडीवर सगळेच पवित्र होते असे मात्र नाही. मठात येणाऱ्या मुलीला बरोबर हुंडा आणावा लागे. होय, हुंडाच. श्रीमंत घरांतल्या मुली आणि त्यांच्याबरोबर पैसा मठात जाऊ लागला, तेव्हा सतराव्या शतकात गोव्याच्या नगरसभेने राजाकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. सिस्टरांची संख्या १०० च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा होती. एके काळी जागेसाठी गर्दी होती, असा हा मठ.

त्याहून जास्त बोचणारी गोष्ट पुढे आहे. काळे शिरोवस्त्र घेणाऱ्या सिस्टर वरच्या पायरीवरच्या. त्या बहुतेक पोर्तुगीज रक्ताच्या. पांढरे शिरोवस्त्र घेणाऱ्या खालच्या पायरीवरच्या. याच मातीत जन्मलेल्या बायकांच्या वाट्याला आले ते मुख्यतः खालचे काम. एकाच प्रभूला वाहून घेतलेल्या, एकाच छपराखाली झोपणाऱ्या बहिणी, आणि त्यांच्यात जन्मावरून पायऱ्या! पुरुषांच्या मठांतही तीच रीत होती. युरोपीय संघ गोमंतकीय तरुणांना आत घेत नसत. म्हणून गोव्याच्या धर्मगुरूंनी आपला वेगळा संघ उभा केला. त्याला आकार दिला संत जोसेफ वाझ यांनी, १६८५ च्या सुमारास. हाच गोमंतकीय फादर पुढे वेष पालटून श्रीलंकेत गेला, तिथल्या छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्याने धीर दिला आणि १७११ मध्ये कँडी येथे तो देवाघरी गेला. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्याला संतपद दिले. ज्याच्या भाऊबंदांना दाराबाहेर ठेवले गेले, तो आज वेदीवर आहे.

हे चर्चच्या पत्रिकेत कशाला लिहायचे, असे कुणाला वाटेल. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये, भर मिस्सेत, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली होती. त्यांनी जे झाकले नाही ते आपण का झाकावे? शिवाय हा प्रश्न फक्त गोव्याचा नाही.

आपल्या दाराशी येऊ या. आपल्या मुकुटबन परिसरात कारखान्याच्या आणि खाणीच्या कामासाठी दूरदूरची माणसे येतात. कुणी हिंदी बोलते, कुणी तेलुगू. त्यांच्यापैकी कुणी रविवारी आपल्या चर्चमध्ये आले, तर आपण बाकावर सरकून जागा देतो की 'हे कुठले?' म्हणून मान वळवून पाहतो? मिस्सा संपल्यावर अंगणात आपण ज्यांच्याशी बोलतो ते दर रविवारी तेच असतात ना? एखाद्या कोलाम किंवा गोंड घरातली बाई मागच्या भिंतीला टेकून उभी राहते, तिला कुणी पुढे बोलावले का? आणि मुलांची लग्ने ठरवताना 'आपल्यातले' म्हणजे नेमके कुणातले, हे आपण कोणत्या मापाने मोजतो? बाप्तिस्म्याच्या पाण्याने की पूर्वीच्या जातीने? हुंड्याला आपण 'भेट' म्हणतो, 'मुलीला दिले' म्हणतो. नाव बदलले तरी वजन तेच राहते. ज्या बापाने सोयाबीन विकून, उरलेले कर्ज काढून ते दिले, त्याला विचारा.

पाणी घालणाऱ्या बायका

१८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने कायदा करून पुरुषांचे सगळे मठ बंद केले. १८३५ मध्ये गोव्यातही तो लागू झाला. समोरच्या चर्चमधले ऑगस्टिनियन फादर निघून गेले. सिस्टरांना हाकलले नाही. त्यांच्यासाठी दुसरी शिक्षा होती. नवीन मुलगी मठात घ्यायची नाही. जितक्या आहेत तितक्या राहू द्या, शेवटची वारली की दाराला कुलूप.

बंधू-भगिनींनो, या सिस्टरांचे दिवस कसे गेले असतील, याचा क्षणभर विचार करा. शहर तर आधीच ओस पडत चालले होते. रोगराईला कंटाळून लोक पणजीकडे गेले होते आणि १८४३ मध्ये पणजीच राजधानी झाली. १८४२ मध्ये समोरच्या चर्चचे छत कोसळले. ज्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेने टेकडी जागी होत असे, ती घंटाही उतरवून नेली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये वाजते. मठात दरवर्षी एखादी जागा रिकामी होई आणि भरत नसे. शंभर जणींसाठी बांधलेल्या घरात पन्नास, मग वीस, मग पाच-सहा अशी ओसरत गेलेली प्रार्थना. सूर लावणारी एक आणि उत्तर देणारी एक, अशीही वेळ आली असेल.

आणि शेवटी एकच उरली. ती १८८५ मध्ये वारली. कायद्यानंतर ५१ वर्षे हे घर असे वितळत गेले. १६०६ पासून मोजले तर २७९ वर्षांचा मठ त्या एका बाईबरोबर संपला.

तिच्या मागे कुणी नव्हते. तरी व्रत घेतले तेव्हा तिने देवाला असे म्हटले नव्हते, की माझ्यानंतर कुणी येणार असेल तरच मी प्रार्थना करीन. वाळक्या काडीला पाणी घालणे ते हेच. कास्शियाच्या काडीला पालवी फुटलेली रिताने पाहिली. गोव्याच्या शेवटच्या सिस्टरने तेही पाहिले नाही. तिने पाणी घातले आणि डोळे मिटले.

पुढे काय झाले? समोरच्या चर्चचा दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. मठाची इमारत कित्येक वर्षे देवाच्या कामाविना राहिली. आणि १९६४ मध्ये त्याच मठात 'मातेर देई' ही संस्था सुरू झाली. कशासाठी? भारतभरातल्या वेगवेगळ्या संघांच्या सिस्टरांना धर्मशिक्षण देण्यासाठी. ७९ वर्षे पडीक राहिलेल्या वावरात पुन्हा पेरणी झाली. आणि कोणत्या बियाण्याने? ज्या मातीतल्या बायकांना त्या घरात खालची पायरी मिळत होती, त्याच मातीतल्या मुलींनी ते घर भरले. तिथे आता ना हुंडा, ना काळ्या-पांढऱ्या वस्त्राचा भेद. त्याच आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आहे. ते २००२ मध्ये राशोलहून तिथे आले आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडले.

देवाने शेवटच्या सिस्टरची प्रार्थना ऐकली, असा आमचा विश्वास आहे. पण तिने कल्पिले असते त्याहून चांगल्या रीतीने ऐकली. जुने दार बंद होऊ दिले आणि नवे, रुंद दार उघडले.

मुकुटबनच्या बाकांवर

हे सगळे आज सांगण्याचे कारण आपल्याच बाकांवर बसले आहे. आपला समूह लहान आहे. पोरे शिकायला नागपूर-पुण्याला जातात, नोकरी लागली की तिकडचीच होतात. पोळ्याला नाहीतर नाताळाला येतात, चार दिवस राहतात, परत जातात. रोजच्या मिस्सेला येणारी माणसे बोटांवर मोजता येतात आणि त्यातली बहुतेक वयस्कर. कितीदा आपण ऐकतो, "फादर, आम्ही आहोत तोवर आहे. आमच्यानंतर इथे कोण येणार?" हा प्रश्न विचारताना आवाज कसा कातरतो, तेही आपण ऐकले आहे.

या प्रश्नाला आम्ही खोटा धीर देणार नाही. पुढच्या वीस वर्षांनी इथे किती जण असतील, हे आपल्या हातात नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. एक, आज पाणी घालणे. दुसरी, दार उघडे ठेवणे.

पाणी घालणे म्हणजे काय? गुडघे दुखत असतानाही जपमाळ घेऊन बसणारी आजी पाणी घालते आहे. निंदणाहून थकून आलेली आई पोरांना पोटाशी घेऊन झोपण्याआधी क्रूसाची खूण करायला शिकवते, ती पाणी घालते आहे. ज्याचा मुलगा दारूपायी वाया गेला आणि तरी जो रोज रात्री त्याचे नाव देवापुढे घेतो, तो बाप पाणी घालतो आहे. मोनिकाने तेच केले. पीक कधी येईल हे तिने विचारले नाही. काही पिके शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत येतात, काही त्याच्या नातवाच्या वेळी.

आणि दार उघडे ठेवणे? रिता दारातून परत फिरली आणि तिने आधी वैर मिटवले. आपल्या समूहात दोन भाऊ धुऱ्यावरून बोलत नसतील, दोन जावा एका बाकावर बसत नसतील, तर नवीन माणूस आत कसा येईल? पहिले कुलूप आपणच लावलेले असते. ते काढायला बाहेरून कुणी येणार नाही.

म्हणून या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. ज्यांना चर्चपर्यंत चालत येणे होत नाही अशा एका घरी संत मोनिकाच्या सणादिवशी जाऊन त्यांच्याबरोबर जपमाळ करू या. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी पुढच्या रविवारच्या मिस्सेआधी एक शब्द बोलू या, सुरुवात आपण करू या. आणि पुढच्या रविवारी मागे उभ्या असलेल्या एका तरी अनोळखी माणसाला आपल्या बाकावर बोलावून घेऊ या.

मोनिकाचे मागणे आठवते ना? वेदीपाशी माझी आठवण करा. आज अर्पण करताना आपल्या घरातल्या मेलेल्यांबरोबर त्या शेवटच्या सिस्टरचीही आठवण करू या. आपण आज इथे तिचे स्मरण करतो आहोत, म्हणजे तिच्या मागे कुणी नाही असे आता म्हणता येत नाही.

आपल्या गावाच्या नावातच मुकुट आहे. पण प्रभूने पहिल्यांदा घातला तो काट्यांचा. तोच आपलाही मुकुट आहे, आणि त्याला लाजण्याचे कारण नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या घरात आम्ही थोडे आहोत, पण तुझे आहोत. जे थकले आहेत त्यांच्या हाताला बळ दे, म्हणजे ते पाणी घालत राहतील. ज्या आया मुलांसाठी रडतात त्यांची आसवे संत मोनिकाच्या आसवांत मिळव. आम्ही कुणासाठी दार लावून घेतले असेल तर आम्हांला क्षमा कर आणि ते उघडायला शिकव. आमच्यानंतर या वेदीपाशी कोण उभे राहील ते तू जाणतोस. त्यांना आजच आशीर्वाद दे. आमेन.